सगळ्या डेटाला एकच भाव लावू नका!

परवाच्या व्हिडिओनंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात एकच प्रश्न असेल: "सर, साधं ब्रॉडबँड ठेवू की महागडी लीज्ड लाइन घेऊ?" उत्तर देण्याआधी एक हिशेब समजून घ्या.

रेल्वेत मालगाडी बाजूला थांबवून एक्सप्रेस पुढे काढतात ना? रूळ तेच, पण मान वेगळा. नेटवर्कमध्येही तसंच करता येतं. डेटाच्या प्रत्येक पाकिटावर ६ बिटांची खूण असते, म्हणजे ६४ वेगवेगळ्या खुणा. फोन कॉलसाठी सहसा ४६ नंबर वापरतात.

आता गंमत बघा. इंटरनेटवरच्या एका कॉलला साधारण ८०-९० केबीपीएस पुरतात. अगदीच किरकोळ! पण आवाज एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला, तरच बोलणं सहज होतं. याउलट रात्रीच्या बॅकअपला कितीतरी पट डेटा लागतो, पण तो तासभर उशिरा गेला तरी कुणाचं काही अडत नाही. म्हणजे डेटाचं वजन आणि त्याची किंमत यांचा संबंध नाही. उशीर झाला तर किती रुपये जातात, ती खरी किंमत.

म्हणून तुमच्या वापराचे तीन गट करा.

१. लगेच हवं: ग्राहकाचे कॉल, बिलिंग, कार्ड मशीन.
२. थोडं थांबलं तरी चालतं: ईमेल, ऑर्डरची नोंद.
३. कधीही चालेल: बॅकअप, अपडेट, सीसीटीव्हीचं क्लाउड रेकॉर्डिंग.

बऱ्याच राउटरमध्ये 'क्यूओएस' नावाची सेटिंग असते. तिथे पहिल्या गटाला प्राधान्य द्या आणि बॅकअप रात्री लावा. खर्च शून्य! मात्र हे प्राधान्य मुख्यतः तुमच्याकडून बाहेर जाणाऱ्या डेटापुरतं. पुढे खुल्या इंटरनेटवर तुमची खूण कुणी पाळेलच असं नाही.

मग जास्त पैसे कशाचे? लीज्ड लाइनमध्ये वेग तुमच्यासाठी राखीव असतो, अपलोड-डाउनलोड सारखं मिळतं आणि लाइन किती वेळ चालू राहील याची लेखी हमी असते. हमी ९९ टक्के असेल, तर ३० दिवसांत ७ तास १२ मिनिटं बंद चालतं. ९९.५ टक्के असेल, तर ३ तास ३६ मिनिटं. फरक ३.६ तासांचा.

समजा, तासभर लाइन बंद पडली की तुमचा १,५०० रुपयांचा नफा बुडतो. मग या फरकाची किंमत महिन्याला जास्तीत जास्त ५,४०० रुपये. विक्रेता त्याहून जास्त मागत असेल, तर हात जोडा आणि दुसऱ्या कंपनीचं साधं कनेक्शन जोडीला घ्या. हमी मोडली तर भरपाई किती, तेही करारात वाचा. अनेकदा ती भाड्यातल्या सवलतीपुरतीच असते, तुमचा बुडालेला धंदा त्यात धरलेला नसतो.

आज वही घ्या आणि एकच आकडा काढा: इंटरनेट तासभर बंद, तर माझं नुकसान किती? तो आकडा हातात असल्याशिवाय कुठल्याही प्लॅनवर सही करू नका.