आमची यादी चुकली कुठे?

पुरस्कार जवळ आले की पुण्यात लॉ कॉलेज रोडच्या टपरीवरही भाकितांना ऊत येतो. २०१५ साली आम्हीही ‘कोर्ट’वर पैज लावली. राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट ठरला, भारतातर्फे ऑस्करला गेला. अंतिम पाचांत मात्र आला नाही. पैज हरलो, त्याचे दुःख नाही. दुःख वेगळेच आहे. त्यातला लोकशाहीर नारायण कांबळे उभा करणारे वीरा साथीदार आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते. २०२१ साली कोरोनाने ते गेले. अभिनयाच्या यादीत त्यांचे नाव आम्हीसुद्धा लिहिले नव्हते! आपलाच माणूस आपल्या यादीत नसेल, तर परीक्षकांना कोणत्या तोंडाने जाब विचारायचा? बंधूंनो, आधी आपली यादी दुरुस्त करू या.