पुरानंतरचा मोगरा

चिपळूणच्या माणसाला पूर नवा नाही. २६ जुलै २००५चा पूर आम्ही पाहिला होता आणि त्यामुळेच २०२१ साली गाफील राहिलो. त्या वेळी पाणी भिंतीवर जिथवर आलं होतं, त्या खुणेच्या वर सामान ठेवलं की झालं, असा आमचा हिशेब. २०२१ साली २१ जुलैला बकरी ईद होती, आदल्या दिवशी आषाढी एकादशी. ईदचे पाहुणे गेले, भांडी धुऊन पालथी घातली आणि रात्री वाशिष्ठी चढू लागली. सकाळी आम्ही वरच्या मजल्यावर आणि खाली पुरुषभर पाणी. खुणेच्या वीतभर वर फडताळात ठेवलेली माझी कवितांची वही त्यात गेली. अकरा वर्षांच्या कविता होत्या. पैकी निम्म्या कुठे छापलेल्या नव्हत्या. अर्थात, गावातलं १८६४ सालचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर दोन्ही पुरांत भिजलं, तिथे माझ्या एका वहीचं काय!

पाणी ओसरलं की पूर संपला, असं बाहेरच्याला वाटतं. खरं म्हणजे तो तेव्हा भिंतीत जाऊन बसलेला असतो. आमचं घर जांभ्या चिऱ्याचं. जांभा सच्छिद्र दगड, स्पंजासारखं पाणी पितो. वरून सिमेंटचा गिलावा असेल, तर आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. ढोबळ हिशेब असा सांगतात, की इंचभर जाडीची भिंत सुकायला महिना लागतो. नऊ इंची भिंतीला किती, ते तुम्हीच मोजा. त्यातून कोकणात पाऊस थांबेपर्यंत सुकणं सुरूच होत नाही. हे सगळं मला गवंड्याने सांगितलं होतं. तरी दिवाळीच्या आधी घाई करून मी समोरची खोली रंगवून घेतली. डिसेंबरात रंगाला फोड आले आणि पापुद्रे सुटले. भिंतीतलं पाणी बाहेर येताना विरघळलेले क्षार बरोबर आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार रंगाखाली स्फटिक होऊन फुगतात. यालाच आपण लोणा म्हणतो. गवंडी काही बोलला नाही. त्याने प्लॅस्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी भिंतीला चिकटवला आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावून त्याच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब दाखवले.

अंगणाचीही तीच गत. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळीत ती असते. पोकळी पाण्याने भरली की मुळं गुदमरतात, मग कुजतात. गंमत अशी, की बुडालेलं झाड तहानलेल्या झाडासारखंच दिसतं. पानं लोंबतात, कारण कुजलेल्या मुळांना पाणी वर चढवता येत नाही. ते पाहून आमच्या शेजारच्या मावशींनी सोनचाफ्याला आणखी दोन बादल्या घातल्या! पपई तर दोन दिवसांतच आडवी झाली होती, पाठोपाठ सोनचाफाही गेला. कर्दळीला मात्र काही झालं नाही, तिला चिखल मानवतो. वर चार बोटं गाळ बसला होता. गाळ सुपीक असतो हे खरं, पण बारीक कणांचा तो थर वाळला की फरशीसारखा होतो आणि खाली हवा जाऊ देत नाही. तो फोडून काढण्यात माझा भाद्रपद गेला.

या सगळ्या काळात मी एक ओळ लिहिली नाही. वही उघडली की सिमेंटच्या गोणी, वाळू, मजुरी, एवढंच हातून उतरायचं. पाडव्याच्या कविसंमेलनाचं निमंत्रण आलं, ते नाकारलं. लोकांना वाटलं मानधनाचं काही असेल.

जानेवारीत खालचा सगळा गिलावा खरवडून नवा करायला घेतला. परांची बांधायला मोगरा आड येत होता, म्हणून गवंड्याने मला न विचारता तो गुडघ्याएवढा छाटून टाकला. मी पुष्कळ चिडलो. आधीच विहिरीची मोटर जळाल्यामुळे नोव्हेंबरपासून त्याला पाणी मिळालं नव्हतं. मग नव्या गिलाव्यावर सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं, ते ओघळून थेट मोगऱ्याच्या आळ्यात गेलं. मार्चअखेर झुडूप पांढरं झालं. इतका मोगरा आमच्याकडे त्याआधी कधी फुलला नव्हता.

डाळिंब-लिंबाच्या बागायतदाराला यात नवल वाटणार नाही. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार हे सगळे ताण देऊनच धरतात. पाणी तोडलं की वाढ थांबते, पानांनी केलेलं अन्न फांद्यांत साठून राहतं आणि पुन्हा पाणी मिळालं की ते नुसत्या पालवीत न जाता कळ्यांकडे वळतं. मोगऱ्याला तर फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून छाटणीही हवी. आमच्याकडे मोटर जळाली, गवंड्याने कोयता चालवला आणि भिंतीने पाणी पाजलं.

इथे मोह होतो म्हणण्याचा, की कवितेलाही असाच ताण हवा. ते मला पटत नाही. बागायतदार पानांवर नजर ठेवून असतो. ती पिवळी पडून गळू लागली की पाणी सोडतो. ताण लांबला तर फांद्याच वाळतात. पुराने दिलेला ताण कोणी मोजलेला नसतो. आमच्या गल्लीत त्या वर्षी बंद पडलेली दोन दुकानं पुन्हा उघडली नाहीत.

२ एप्रिल २०२२ला पाडवा होता आणि दुसऱ्या दिवशी पहिला रोजा. संध्याकाळी पत्नी ओंजळभर मोगरा घेऊन आत आली आणि भिंतीला प्लॅस्टिक अजून चिकटवलेलं आहे का ते पाहिलं. ईदपर्यंत रंग होणार नाही, हे तिला कळलं होतं. मग सहज म्हणाली, ‘‘तुमची ती विहिरीवरची कविता मला आठवते.’’ आणि तिने ती म्हटली. ती माझ्या पार विस्मरणात गेली होती. रमजानभर इफ्तारनंतर आम्ही दोघं आठवत बसायचो. तिला सात आठवल्या, मला बारा. दोन-तीन ठिकाणी आमचे शब्द जुळेनात, तिथे मी तिचे ठेवले.

ईद ३ मे रोजी झाली. पाहुणे बिनरंगाच्या भिंतीला टेकून शीरखुर्मा प्याले. नवी वही आता वरच्या मजल्यावर असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)