टूना मासेमारीतील आमिषाचे रंग आणि गळांची मांडणी : एक आंतरविद्याशाखीय विवेचन

प्रस्तावना :

अमरावती व अकोला हे वऱ्हाडातील जिल्हे अरबी समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. येथील मासेमारीचा परिचय पूर्णा, वर्धा या नद्या आणि ऊर्ध्व वर्धा, काटेपूर्णा यांसारखे जलाशय, तसेच भोई व ढिवर समाजाची जाळी आणि गळ यांपुरता मर्यादित आहे. त्यामुळे समुद्रातील टूना माशासाठी कोणत्या रंगाचे आमिष निवडावे व होडीमागे गळ कसे मांडावेत, हा प्रश्न या भागातील अभ्यासकास परका वाटणे स्वाभाविक आहे. तथापि या प्रश्नात प्रकाशाचे भौतिकशास्त्र, माशाच्या डोळ्याचे प्राणिशास्त्र आणि प्रयोगरचनेचे संख्याशास्त्र अशा तीन शाखा एकत्र येतात. आणि त्यांपैकी तिसरी शाखा वऱ्हाडच्या कापूस-ज्वारीच्या प्रयोगशेतांत दीर्घकाळ रुजलेली आहे. आमिषाच्या रंगाविषयीचे प्रचलित ठोकताळे कोठवर शास्त्रीय आधारावर उभे आहेत आणि कोठे ते केवळ समजुती ठरतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

टूना व ओढत्या गळाची पद्धत :

कोकण किनाऱ्यावर टूना गटातील मासे 'कुपा', 'गेदर' या नावांनी ओळखले जातात. भारतीय पाण्यात लहान टूना, लांब शेपटीचा टूना, पट्टेरी टूना आणि पिवळ्या परांचा टूना या जाती प्रामुख्याने आढळतात. टूना पोहणे थांबवू शकत नाही. तोंड उघडे ठेवून पुढे जात राहिल्यानेच त्याच्या कल्ल्यांवरून पुरेसे पाणी वाहते व त्यास प्राणवायू मिळतो. असा सतत धावणारा मासा थव्याने फिरतो आणि तारली, लहान बांगडा, माकूल यांसारख्या भक्ष्याचा वेगाने पाठलाग करतो. या स्वभावामुळेच चालत्या होडीमागे कृत्रिम आमिष ओढून त्यास पकडता येते. या पद्धतीस ट्रोलिंग म्हणतात. समुद्राच्या तळावरून जाळे ओढण्याच्या ट्रॉलिंगशी तिचे केवळ उच्चारसाम्य आहे. ट्रॉलिंगच्या जाळ्यात तळावरील लहानमोठे सर्व जीव सापडतात. ट्रोलिंगमध्ये एका गळास एकच मासा लागतो.

कोकणातील टूना मुख्यतः जाळ्यांनी पकडला जातो. गळ ओढण्याची पद्धत तेथे सुरमईसारख्या माशांसाठी अधिक परिचित आहे. लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावर जिवंत आमिष पाण्यात सोडून काठी व गळाने पट्टेरी टूना पकडण्याची जुनी परंपरा आहे. महाराष्ट्रात २०१६ साली पर्ससीन जाळ्यांच्या मासेमारीवर राज्य शासनाने निर्बंध घातले. पर्ससीनधारक व पारंपरिक मच्छीमार यांच्यातील संघर्षाच्या पार्श्वभूमीवर गळासारख्या निवडक साधनांचे महत्त्व वाढते. परंतु लहान होडीच्या मालकास इंधनाचा प्रत्येक लिटर व आमिषाचा प्रत्येक नग मोजून खरेदी करावा लागतो. चुकीच्या समजुतीवर उभा असलेला सल्ला त्याच्या दृष्टीने केवळ बौद्धिक दोष नसून प्रत्यक्ष आर्थिक नुकसान ठरतो.

पाण्यातील रंगाचे स्वरूप :

सूर्यप्रकाशातील सर्व रंग पाण्यात सारख्याच खोलीपर्यंत पोहोचत नाहीत. स्वच्छ समुद्रजलात लाल प्रकाश सर्वप्रथम शोषला जातो आणि सुमारे १० मीटर अंतरात तो जवळजवळ नाहीसा होतो. त्यानंतर नारिंगी व पिवळा प्रकाश क्षीण होतो; निळा प्रकाश सर्वांत खोल जातो. खोल समुद्राच्या निळाईत पाण्याच्या रेणूंनी केलेल्या विकिरणाचाही वाटा असल्याचे सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली युरोपहून परतीच्या सागरप्रवासात केलेल्या निरीक्षणांतून दाखविले, हे सर्वश्रुत आहे.

येथे एक बाब बहुधा दुर्लक्षिली जाते. ओढते आमिष पृष्ठभागालगतच असते. म्हणून त्याच्या लाल रंगास काही बाधा येणार नाही, असे वरवर वाटते. परंतु आमिषापासून माशाच्या डोळ्यापर्यंतचे आडवे वा तिरपे अंतरही पाण्यातूनच कापावे लागते. १० मीटर दूर असलेल्या माशास पृष्ठभागावरील लाल आमिष लाल दिसत नाही, तर काळपट दिसते. याउलट गुलाबी रंगात लाल प्रकाशाबरोबर निळ्या प्रकाशाचेही परावर्तन होते; म्हणून माणसाला लाल व गुलाबी हे जवळचे रंग वाटले, तरी दुरून पाण्यात त्यांतील एक गडद तर दुसरा उजळ ठरतो.

किनाऱ्याजवळच्या गढूळ व शेवाळयुक्त पाण्यात निळा प्रकाशही लवकर शोषला जातो व हिरवा-पिवळा प्रकाश अधिक अंतर जातो. वऱ्हाडातील वाचकास याचे उदाहरण दूर शोधावयास नको. पावसाळ्यात काळ्या मातीचा गाळ वाहून आणणाऱ्या पूर्णेच्या पाण्यात प्रकाश हातभर खोलीतच मावळतो, आणि जो थोडा उरतो तो पिवळट-तांबूस असतो. तात्पर्य, निळ्या समुद्रात उपयोगी ठरलेला रंग गढूळ पाण्यात तसाच उपयोगी ठरेल, असे मानण्यास आधार नाही. आमिषाचा रंग रंगाच्या डब्यात ठरत नाही. तो पाण्यात ठरतो.

टूनाचा डोळा व आकृतीचे महत्त्व :

पिवळ्या परांच्या टूनाच्या दृष्टिपटलाच्या अभ्यासात प्रामुख्याने जांभळट-निळ्या व निळ्या-हिरव्या प्रकाशास प्रतिसाद देणारी रंगद्रव्ये आढळली आहेत. मानवाप्रमाणे लाल प्रकाशासाठी स्वतंत्र संवेदी पेशी त्यात आढळत नाहीत. त्यामुळे दुकानात मांडलेल्या आमिषांचे जे रंगवैविध्य ग्राहकास मोहात पाडते, त्यातील बराच भाग माशाच्या दृष्टीने केवळ उजळ-गडद छटांचा भेद असतो.

शिवाय टूना अनेकदा खालून वर पाहत भक्ष्यावर येतो. प्रकाशाच्या अपवर्तनामुळे पाण्याखालील डोळ्यास बाहेरचे संपूर्ण आकाश सुमारे ९७ अंशांच्या शंकूत एकवटलेले दिसते. या तेजस्वी वर्तुळाच्या पार्श्वभूमीवर कोणतीही वस्तू प्रथम काळ्या आकृतीच्या रूपात दिसते. 'उजळ दिवशी उजळ आमिष, अंधुक वेळी गडद आमिष' हा जगभरच्या गळकऱ्यांचा ठोकताळा आहे. त्याच्या उत्तरार्धास येथे काही आधार मिळतो : पहाटे व सायंकाळी मंद उजेडात काळ्या-जांभळ्या आमिषाची आकृती अधिक ठळक होते. भर उन्हात मात्र निळी पाठ व रुपेरी पोट असे आमिष तारलीसारख्या खऱ्या भक्ष्याच्या छटांशी जुळते. या दोन्ही स्पष्टीकरणांत निर्णायक घटक रंगाचे नाव नसून पार्श्वभूमीशी असलेला छटांचा भेद आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

गळांची मांडणी :

होडीमागे एकच गळ क्वचितच ओढला जातो. चार ते सहा तंगूस निरनिराळ्या लांबीवर सोडून विखुरलेल्या थव्याचा आभास निर्माण केला जातो. या मांडणीमागील तत्त्वे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१) मधले तंगूस आखूड व बाहेरचे लांब ठेवतात. बाहेरचे तंगूस होडीच्या दोन्ही बाजूंना काढलेल्या लांब काठ्यांवरून सोडल्यास ते फेसाळ मागाच्या बाहेर, स्वच्छ पाण्यात राहतात.

२) मोठे व खळबळ करणारे आमिष होडीजवळ, तर लहान आमिष दूर ठेवण्याची प्रथा आहे. जवळच्या फेसाळ पाण्यात लहान आमिष दिसेनासे होते, हे त्याचे कारण होय.

३) प्रत्येक आमिष होडीमुळे उठणाऱ्या लाटेच्या पुढील उतारावर राहील अशी लांबी साधली जाते. तेथे ते पृष्ठभागावर येऊन हवा घेते व पुन्हा बुडताना बुडबुड्यांची रेषा सोडते.

४) वेग साधारणतः ६ ते ८ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ११ ते १५ किलोमीटर असतो. वळण घेताना आतील बाजूचे गळ मंदावून बुडतात व बाहेरचे वेग घेतात. म्हणून गुंता टाळण्यासाठी वळण मोठे घ्यावे लागते.

यावरून असे दिसते की, मांडणीतील प्रत्येक स्थानाचे पाणी, फेस, वेग व खोली भिन्न असते. म्हणजेच सर्व आमिषे एकाच रंगाची असली, तरी प्रत्येक स्थानावर मासा लागण्याची शक्यता सारखी नसते.

रंग आणि स्थान यांची सरमिसळ :

मूळ अडचण येथेच उद्भवते. समजा, एखादा तांडेल गुलाबी आमिष नेहमी उजव्या बाजूच्या लांब तंगुसावर लावतो आणि हंगामात लागलेल्या २० माशांपैकी १२ त्या तंगुसास लागतात. 'गुलाबी रंग चालतो' हा त्याचा निष्कर्ष सहज वाटला, तरी हे यश रंगाचे की स्वच्छ पाण्यातील लांब तंगुसाचे, हे या नोंदीवरून सांगता येत नाही. पुढे तो गुलाबी आमिषच अधिक वेळ पाण्यात ठेवतो. साहजिकच त्यास अधिक मासे लागतात आणि समज दृढ होतो. अनुभव खोटा नसतो. परंतु अनुभवाची मांडणी सदोष असल्यास त्यातून निघणारा निष्कर्ष विश्वसनीय राहत नाही.

कृषी संशोधनास ही अडचण अपरिचित नाही. शेताच्या एका बाजूची जमीन भारी व दुसरीकडची हलकी असेल, तर कोणत्या वाणास कोठे जागा मिळाली यावरच उत्पन्न ठरू शकते. आर. ए. फिशर यांनी रोथॅमस्टेड येथे विकसित केलेल्या व १९३५ च्या ग्रंथात सुसूत्रपणे मांडलेल्या प्रयोगरचनांनी या प्रश्नाचे उत्तर दिले. भारतात व्ही. जी. पानसे व पी. व्ही. सुखात्मे यांच्या १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने या पद्धती कृषी संशोधकांपर्यंत पोहोचविल्या. अकोल्यात १९६९ साली स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या संस्थांतील वाणचाचण्या याच तत्त्वांवर चालतात.

त्यांपैकी 'लॅटिन चौरस' ही रचना गळांच्या मांडणीस चपखल लागू पडते. शेतातील आडव्या-उभ्या ओळींच्या जागी येथे दिवस व स्थाने येतात. निळा-पांढरा, हिरवा-पिवळा, गुलाबी व काळा-जांभळा असे चार रंग डावीकडून उजवीकडे चार स्थानांवर पुढीलप्रमाणे फिरविता येतील :

पहिला दिवस : निळा – हिरवा – गुलाबी – काळा
दुसरा दिवस : हिरवा – काळा – निळा – गुलाबी
तिसरा दिवस : गुलाबी – निळा – काळा – हिरवा
चौथा दिवस : काळा – गुलाबी – हिरवा – निळा

या रचनेत प्रत्येक रंग प्रत्येक दिवशी एकदा व प्रत्येक स्थानावर एकदा येतो. शिवाय प्रत्येक रंगाच्या लगत उजवीकडे इतर तिन्ही रंग प्रत्येकी एकदाच येतात. त्यामुळे शेजारच्या आमिषाचा परिणामही सर्वांना समान वाटला जातो. चार दिवसांच्या अखेरीस रंगांच्या बेरजांची तुलना केल्यास स्थानाचा व दिवसाचा प्रभाव वगळून रंगाचा प्रभाव पाहता येतो. कोणती ओळ कोणत्या दिवशी घ्यावयाची, हे मात्र तांडेलाच्या पसंतीने न ठरविता चिठ्ठ्या टाकून ठरविले पाहिजे.

काही दक्षता :

पहिली दक्षता अशी की, आमिषाचा आकार, वजन व डोक्याची घडण सर्व रंगांत एकसारखी असावी; अन्यथा रंगाऐवजी आकाराची परीक्षा होईल. दुसरी दक्षता अधिक महत्त्वाची आहे. टूना थव्याने येत असल्याने एकाच क्षणी तीन गळांना तीन मासे लागू शकतात. या तीन स्वतंत्र घटना नव्हेत. एका थव्याची भेट ही एकच घटना होय. अशा भेटीत कोणत्या आमिषास मासा प्रथम लागला, एवढीच नोंद घेणे अधिक योग्य. तिसरे असे की, १६ घरांच्या एका चौरसात मोजके मासे लागतात व त्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. चौरस अनेकदा पुन्हा करावा लागतो. शेवटी, प्रत्येक फेरीत पाण्याचा रंग, आकाशाची स्थिती व वेळ यांची नोंद नसेल, तर एका पाण्यातील निष्कर्ष दुसऱ्या पाण्यावर लादला जाण्याचा धोका राहतो.

अशा प्रयोगासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. चार रंगांची एकसारखी आमिषे, एक वही आणि चिठ्ठ्यांचा निर्णय पाळण्याची शिस्त एवढे पुरेसे आहे. काटेपूर्णेसारख्या जलाशयात ओढत्या गळाऐवजी काठावरच्या स्थिर गळांवर हीच रचना प्राणिशास्त्र व संख्याशास्त्र विभागांच्या विद्यार्थ्यांना, रीतसर परवानगी घेऊन, राबविता येण्यासारखी आहे. तेथे स्थानाचा अर्थ काठावरील जागा असा घ्यावा लागेल.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. आमिषाच्या रंगाचा परिणाम पाण्याची पारदर्शकता, प्रकाशाची दिशा व माशाच्या डोळ्याची संवेदनक्षमता यांवर अवलंबून असतो. रंगाच्या नावापेक्षा पार्श्वभूमीशी असलेला छटांचा भेद अधिक निर्णायक ठरतो. गळांच्या मांडणीतील स्थान हा स्वतंत्र व प्रभावी घटक असून त्यास वेगळे न काढता केलेले रंगविषयक विधान अपुरे असते. लहान मच्छीमारास द्यावयाचा सल्ला 'हा रंग घ्या' असा नसावा. हाती असलेले रंग फिरवा, नोंद ठेवा आणि मगच खर्च करा, असा तो असावा. काळ्या मातीच्या प्रयोगशेतांनी शिकविलेली ही शिस्त समुद्रावरही तितकीच उपयुक्त आहे, आणि ती तेथवर पोहोचविण्याचे काम महाविद्यालयीन अध्यापकांच्या आवाक्याबाहेरचे नाही.