पाण्याखालचा वाटाड्या

खोपटच्या एस.टी. स्थानकावरून कोकणात जाणारे पुष्कळजण मालवणजवळ तारकर्लीला पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रतळ पाहतात. त्यांचा हात धरणारा वाटाड्या कसा तयार होतो? तिथेच पर्यटन महामंडळाचे स्कूबा-शिक्षणाचे केंद्र आहे.

पहिला धडा एकच : श्वास कोंडू नका. 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो. तिथे छातीत भरलेली हवा वर येताना दुप्पट फुगते आणि कोंडली तर फुप्फुस फाटते. मग संकटात सापडलेल्याला वाचवणे, त्यानंतर वाटाड्या, शेवटी शिक्षक. 'पॅडी' या जागतिक संस्थेच्या शिक्षक-परीक्षेला किमान 100 बुड्यांची नोंद लागते.

असा माणूस हरकाम्या नव्हे, कारागीर आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी त्याचा दाखला जरूर मागा. पण आपला श्वास ज्याच्या हाती, त्याला पुरे वेतन आणि विमा मिळतो का, हेही विचारा.