गाडीच्या ॲल्युमिनियमला पुन्हा चकाकी

बदलापूर-अंबरनाथच्या आसपासच्या खेड्यांतून पहाटे उल्हासनगरच्या बाजाराकडे निघणारी मोटारसायकल म्हणजे आज शेतकऱ्याची बैलगाडीच झाली आहे. जाताना तिच्यावर दुधाचे कॅन, भेंडी-काकडीच्या गोण्या, जूनमध्ये जांभळाच्या पाट्या असतात. येताना खताची गोणी आणि फवारणीचे औषध असते. असे दोन पावसाळे गेले की इंजिनाची कव्हरे आणि चाकांचे हब निस्तेज होतात, त्यांवर पांढरे ठिपके पडतात. मग कोणीतरी सांगतो, ‘‘ॲसिड मार, एका मिनिटात नवी दिसेल.’’ शेतकरी बंधू-भगिनींनो, हा सल्ला मानू नका. चकाकी घरच्या वस्तूंनी परत येते. मात्र आधी रोग ओळखावा, मग औषध द्यावे.

ॲल्युमिनियम काळवंडते कशाने?

उघड्या ॲल्युमिनियमवर हवेतील प्राणवायूमुळे लगेच एक साय धरते. ती मिलिमीटरच्या दहा लाख भागांपैकी तीन-चार भाग इतकीच जाड असते, पण आतल्या धातूचे रक्षण तीच करते. फार आंबट किंवा फार खारट-सोड्याचे पाणी लागले की ही साय विरघळते. ही गोष्ट आपल्या घरातील स्त्रियांना चांगली ठाऊक आहे. सोडा घालून काही शिजवले की ॲल्युमिनियमचे पातेले आतून काळे पडते आणि चिंचेचे पाणी उकळले की उजळते.

शेतकऱ्याच्या गाडीला शत्रू जास्त असतात. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराईड असते, त्याने धातूला बारीक खड्डे पडतात. बोर्डो मिश्रण तर दोन्हीकडून मारते. त्यातील चुना साय खातो, आणि मोरचुदातील तांब्याचा कण ॲल्युमिनियमवर बसला की ओलाव्यात जणू एक लहानशी बॅटरीच तयार होते. त्या जागी धातू झिजत जातो. गोठ्यातील शेण-मूत आणि पुराचा गाळ यांचाही त्रास होतो. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती, हे अनेकांना आठवत असेल. अशा पुरात गाडी बुडाली, तर गाळ वाळण्याआधीच ती स्वच्छ पाण्याने धुवावी.

घासण्यापूर्वी ओळखा

भागाला लोहचुंबक लावून पाहा. चिकटले तर ते ॲल्युमिनियम नव्हे, बहुधा क्रोम चढवलेले लोखंड आहे. पुष्कळ गाड्यांच्या कव्हरांवर कारखान्यातच पारदर्शक वॉर्निश दिलेले असते. ते पिवळे पडून सोलू लागले की धातू खराब झाल्यासारखा दिसतो. असे वॉर्निश रंग काढण्याच्या औषधाने आधी काढावे लागते. रंगवलेली अलॉय चाके आणि रंगीत मुलामा दिलेले भाग घासू नयेत. तो मुलामा एकदा गेला की घरी परत चढत नाही.

घरची रीत

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. साध्या साबणाच्या पाण्याने चिखल व तेलकटपणा काढा. मोठ्या लिंबाएवढी चिंच अर्धा लिटर कोमट पाण्यात भिजवून कोळून गाळून घ्या. चिंच नसेल तर एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व चालेल. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहा. मग कापडाने सर्वत्र लावा, पाच ते दहा मिनिटे ठेवा, मऊ ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडे करा. नुसता मळकटपणा असेल तर एवढ्याने काम होते.

डाग खोल असतील तर वॉटर पेपर घ्या. पाणी लावत आधी ६०० नंबरचा, मग १०००, शेवटी २००० नंबरचा वापरा. प्रत्येक वेळी घासण्याची दिशा आडवी-उभी बदला आणि आधीचे ओरखडे पूर्ण गेल्यावरच पुढचा नंबर घ्या. नंतर ॲल्युमिनियमसाठी चालणारे पॉलिश सुती कापडाने चोळा. कापड काळे होईल, पण त्याने घाबरू नका. ती निघालेली धातूची भुकटी असते. याचाच अर्थ असा की प्रत्येक वेळी थोडा धातू झिजतो, म्हणून वारंवार घासू नये.

बफिंग करून घ्यायचे असेल तर ऑइल बदलण्याच्या वेळीच कव्हर काढून द्यावे. एकाच खेपेत काम होते. बसवताना पॅकिंग मात्र नवे घालावे.

हे कधीही करू नका

संडास धुण्याचे ॲसिड लावल्यास क्षणभर चमक दिसते, पण धातू खाल्ला जातो आणि दोन दिवसांत भाग अधिक काळा पडतो. चाके धुण्याच्या काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. त्याचा चटका सुरुवातीला जाणवतही नाही, पण ते हाडापर्यंत जाते. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला लागला की पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. राख खरखरीत असते आणि खारही असते, म्हणून तीही नको. डिस्क ब्रेकच्या तबकडीला आणि ब्रेकच्या लायनरला पॉलिश, मेण किंवा तेल अजिबात लागू देऊ नका. तेथे चकाकीपेक्षा जीव मोलाचा.

ॲसिडचे उरलेले पाणी नाल्यात जाते, हेही ध्यानात ठेवा. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरातून जाते. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर तिच्यात रसायन सोडल्याने विषारी वायू पसरला आणि शेकडो रहिवाशांना रुग्णालय गाठावे लागले. आपले बाटलीभर ॲसिड त्या मानाने थोडे खरे, पण ओढ्यावर आपलीच गुरे पाणी पितात.

चकाकी टिकवायची कशी?

पॉलिशनंतर गाडीच्या मेणाचा पातळ हात द्या. इंजिनाच्या फार तापणाऱ्या भागावर मेण टिकत नाही, हब व कव्हरांवर टिकते. मे महिन्याच्या अखेरीस एकदा आणि दिवाळीपूर्वी एकदा हे करावे. खताची गोणी प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळूनच गाडीवर ठेवावी. फवारणीचा पंप आणला त्या दिवशी, कितीही उशीर झाला तरी, दोन बादल्या साध्या पाण्याने गाडी धुवावी. कोणत्याही पॉलिशपेक्षा या दोन बादल्याच अधिक उपयोगाच्या आहेत, आणि त्यांना पैसाही लागत नाही.