बोल्टाभोवतीची पांढरी भुकटी

पालमसारख्या गावात मालट्रकांची ये-जा रोजचीच. कधी कापूस, कधी सोयाबीन, तर पेरणीच्या सुमारास खताची पोती. एखादा ट्रक उभा दिसला, तर त्याच्या हौद्याकडे जरा निरखून पाहा. काही ट्रकांचा सांगाडा पोलादी अँगलचा आणि त्यावर बसवलेला पत्रा अॅल्युमिनियमचा असतो. अॅल्युमिनियम पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश वजनाचे. गाडी हलकी झाली, की तेवढा माल जास्त नेता येतो. पण अशा जुन्या गाडीत बोल्टांभोवती पांढरी भुकटी साचलेली दिसते. तेथील भोक मोठे होते, बोल्ट खिळखिळा होतो. भरधाव ट्रकचा पत्रा निखळला, तर मागून येणाऱ्या सायकलस्वाराचे काय होईल?

गंमत अशी, की एकटे अॅल्युमिनियम सहसा असे झिजत नाही. हवेत त्यावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. मग पोलादाच्या शेजारीच असे का व्हावे?

शाळेच्या प्रयोगशाळेत एक प्रयोग करा. पेलाभर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवा. त्यात लोखंडी खिळा आणि पॉलिश कागदाने घासलेली अॅल्युमिनियमची पट्टी एकमेकींना न टेकतील अशी उभी करा. दोन्ही तारांनी गॅल्व्हानोमीटरला जोडा. काटा हलेल! व्होल्टाने १८०० साली दोन निराळे धातू आणि खारे पाणी घेऊन विजेची रास रचली, तिचेच हे धाकटे भावंड. आता एक तार काढा, किंवा पट्टी पाण्याबाहेर घ्या. काटा शून्यावर येईल.

अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडते. ते इलेक्ट्रॉन पोलादाकडे जातात आणि अॅल्युमिनियमचे आयन पाण्यात उतरतात. त्यांचीच पुढे पांढरी भुकटी बनते. म्हणजे पोलाद वाचते, अॅल्युमिनियम झिजते.

तुम्ही म्हणाल, पालमला खारे पाणी कोठून आले? समुद्र तर शेकडो किलोमीटर दूर! पण पोटॅश हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊबंद. फाटक्या पोत्यातून ते सांडते, फटीत शिरते आणि पहिल्या पावसात ओले होते. झाला विद्युतघट तयार!

यावरचा उपाय एका जुन्या जहाजाने दाखवला. १७६१ साली इंग्लंडच्या आरमाराने 'अलार्म' या लाकडी युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा लोखंडी खिळ्यांनी ठोकला. दोन वर्षांनी पाहतात तो पुष्कळ खिळे झिजून गेलेले. तांब्यापुढे लोखंड हरले होते. मात्र काही खिळे शाबूत होते. तेथे पत्र्याच्या वेष्टनाचा कागद लोखंड आणि तांबे यांच्यामध्ये तसाच राहिला होता!

ट्रकमध्येही हेच करायचे. अँगल आणि पत्रा यांच्यामध्ये पाणी न शोषणाऱ्या रबराची पट्टी घालावी. कापड नको, ते पाणी धरून ठेवते. पण एवढ्याने भागत नाही. बोल्ट दोन्ही धातूंना टेकलेला असतो, त्यामुळे इलेक्ट्रॉन पट्टी चुकवून बोल्टातून जातात. म्हणून बोल्टाच्या दांड्यावर नायलॉनची नळी आणि डोक्याखाली नायलॉनचा वॉशर हवा. बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेला घ्यावा, कारण जस्त या बाबतीत अॅल्युमिनियमच्या जवळचे आहे. खत वाहिल्यावर हौदा धुऊन कोरडा करावा.

आणि रंग? तो दोन्ही धातूंना द्यावा. एकालाच देणे शक्य असेल, तर पोलादाला द्यावा. केवळ अॅल्युमिनियम रंगवले आणि रंगाला ओरखडा पडला, तर सारी झीज त्या इवल्याशा जागी एकवटते आणि पत्र्याला लवकर भोक पडते.

दोन धातू, त्यांचा स्पर्श आणि क्षारयुक्त पाणी: या साखळीतली एक कडी तोडली, की झीज थांबते. आता घरातली बादली, खिडकी, सायकल तपासा बरे. अशी जोडी कोठे सापडते का?