परगावी बिऱ्हाड हलविताना

सांगली-कोल्हापूर भागातील समाजबांधवांची मुले पूर्वी शिक्षण आटोपून पुण्याची वाट धरीत. आता तितक्याच सहजतेने ती बंगळूरला जातात. मुलगा एकटा जातो तेव्हा एक बॅग आणि एक वळकटी पुरेशी असते. खरा प्रश्न उभा राहतो तो दोन-चार वर्षांनी. नोकरी स्थिरावते, लग्न होते, वडील निवृत्त होतात किंवा आई मागे एकटी उरते, आणि मग सगळा संसारच तिकडे न्यावा असे घरात ठरते. अंतर सुमारे साडेसहाशे किलोमीटर. बंगळूरला घर भाड्याने घेताना कित्येक महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत आधी मोजावी लागते. ती मोजून झाल्यावर सामान हलविण्यासाठी हाती जी रक्कम उरते, ती बहुधा आजारपणासाठी राखून ठेवलेली असते. म्हणूनच हा निर्णय घाईने, कोणाच्या तरी ओळखीवर विसंबून किंवा पहिल्या आलेल्या दूरध्वनीवर सोपवून घेण्यासारखा नाही.

बहुतेक कुटुंबे आरंभ करतात तो ‘गाडी कोणती करावी’ या प्रश्नापासून. वस्तुतः आधीचा प्रश्न ‘काय न्यावे’ हा आहे. घरगुती सामानाचे भाडे वजनापेक्षा जागेवर ठरते. चौदा फुटी मालमोटारीच्या हौद्यात, लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार केल्यास, सुमारे ५०० घनफूट जागा मिळते. अशा गाडीचे भाडे, समजा, २५,००० रुपये ठरले, तर प्रत्येक घनफुटाला ५० रुपये पडतात. मोठे पोलादी कपाट साधारण ३० घनफूट जागा व्यापते, म्हणजे त्याचा प्रवासखर्च १,५०० रुपयांच्या घरात गेला. तीन आसनी कोच आणि दोन खुर्च्या मिळून ७० घनफूट सहज होतात. त्यांचे साडेतीन हजार झाले. पोलादी कपाट पुढची वीस वर्षे टिकेल, कोचाचा भुसा मात्र आताच खाली सांडू लागला असेल, तर कशाला गाडीत चढवावे हे वेगळे सांगावयास नको. त्यातही बंगळूरच्या अनेक सदनिकांत भिंतीतली कपाटे आणि स्वयंपाकघरातील फळ्या-खण तयारच असतात. नवे घर पाहावयास जाणाऱ्याने सोबत मोजपट्टी न्यावी आणि दारांची रुंदी, उद्वाहनाचे माप व जिन्याचे वळण टिपून आणावे. तिसऱ्या मजल्यावर न चढू शकलेला पलंग तळमजल्याच्या वाहनतळात पडून राहिल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

या हिशेबाला एक महत्त्वाची पुरवणी आहे. गाडी संपूर्ण भाड्याने घेतली असेल, तर एखादी वस्तू वगळून एक रुपयाही वाचत नाही. रिकामी जागा रिकामीच प्रवास करते. बचत होते ती एवढे सामान कमी केल्यावर की सतरा फुटी गाडीऐवजी चौदा फुटी पुरावी. तेवढे कमी होणार नसेल, तर मावेल ते सारे न्यावे हेच शहाणपणाचे. याउलट सामान इतरांच्या सामानासोबत, म्हणजे भागीच्या भारात, जाणार असेल, तर प्रत्येक खोके पैसे वाचविते. म्हणून ‘काय न्यावे’ आणि ‘कसे न्यावे’ हे प्रश्न एकमेकांच्या हातात हात घालूनच सोडवावे लागतात.

प्लायवूडचे फर्निचर एकदा उकलले की त्याचे स्क्रू पुन्हा तितके घट्ट बसत नाहीत. दहा-बारा वर्षे वापरलेला शीतकपाट, इन्व्हर्टरची ॲसिडची बॅटरी, जुना कूलर या वस्तू इथेच विकाव्यात. शहर सोडून जाणारी कुटुंबे बंगळूरलाही आपले सामान विकतच असतात. तिथे महिनाभर थांबण्याची तयारी असेल, तर चांगला पलंग आणि धुलाईयंत्र पडत्या भावात मिळते.

आईच्या वस्तूंचा हिशेब मात्र घनफुटांत होत नाही. तांब्याचा बंब, पितळी घागरी, लग्नात माहेराहून आलेले ताट-तांबे आणि कोपऱ्यातले दगडी जाते यांना बाजार वजनावर तोलतो आणि मोडीच्या भावाने विकत घेतो. सून किंवा मुलगा यांनी परस्पर ते उरकून टाकले, तर आईला नव्या घरात पाऊल ठेवण्यापूर्वीच आपण पाहुणी झालो असे वाटते. तिच्यासमोर यादी ठेवावी, तिच्या हाताने खुणा कराव्यात. घागर आणि डबे पोकळ असतात. त्यांत कपडे, डाळी, वाट्या-चमचे भरले की तीच भांडी खोक्यांचे काम करतात व जागा जवळपास फुकट पडते. जाते जड खरे, पण जागा किती घेणार? चौदा फुटी गाडीत तळाला ठेवले तर त्याचे भाडे शंभर रुपयेही होत नाही. ते तिसऱ्या मजल्यावर कोण चढविणार, हा प्रश्न वेगळा; तो हमालांशी आधीच बोलून घ्यावा.

आता वाहतुकीचे मार्ग. सर्वांत सुखाचा आणि सर्वांत महाग मार्ग म्हणजे बांधणीपासून मांडणीपर्यंत सर्व करून देणारी पॅकर्स-मूव्हर्स संस्था. नवरा-बायको दोघेही नोकरीत, घरात तान्हे मूल, दिवस मोजके, अशांसाठी तो खर्च योग्यच आहे. काटकसर करावयाची असेल, तर याच संस्थांचा भागीचा भार पुष्कळ स्वस्त पडतो. मात्र तिथे सामान आधी गोदामात उतरते, दुसऱ्या गाडीत चढते, कधी वाटेत हुबळीला पुन्हा हात बदलते. जितक्या वेळा चढ-उतार, तितकी मोडतोड. पोहोचण्यास चार दिवसही लागतात आणि दहाही. शेजारी कोणाचा कोणता माल असेल हे आपल्या हाती नसते; ज्या घरांत शोधाचा स्वयंपाक होतो, त्यांनी स्वयंपाकाची व पूजेची भांडी शिवलेल्या गोणपाटात बंद करावीत किंवा सरळ स्वतःसोबत न्यावीत.

दुसरा मार्ग जुन्या पिढीला चांगला ठाऊक होता: हुंडेकऱ्याकडे जाऊन गाडी ठरविणे. यातील मर्म परतीच्या भारात आहे. साडेसहाशे किलोमीटर जाण्यास मध्यम मालमोटारीला सुमारे ९० लिटर डिझेल लागते. लिटरला ९० रुपये धरल्यास नुसत्या इंधनाचे आठ हजारांहून अधिक होतात. शिवाय पथकर आणि चालकाचा रोज. गाडी सांगलीची असेल, तर मालक परतीच्या रिकाम्या फेरीचाही खर्च भाड्यात धरतो. पण कर्नाटकाकडून माल घेऊन सांगली-मिरजेच्या बाजारात आलेली, उतराई करून परतीच्या मालाची वाट पाहणारी गाडी तेच सामान निश्चितच कमी भाड्यात नेते, कारण तिला तसेही जावयाचेच असते. त्यासाठी दिवस मागेपुढे करण्याची तयारी हवी. ‘अमुक मुहूर्तालाच सामान निघाले पाहिजे’ असा आग्रह धरणाऱ्याला परतीची गाडी क्वचितच लाभते. मे महिन्यात, शाळांच्या सुट्टीत आणि महिनाअखेरीस दर चढलेले असतात. महिन्याच्या मध्यावर, आठवड्याच्या मधल्या वारी ते उतरतात. पावसाळ्यात स्वस्त मिळाली तरी गाडीची ताडपत्री स्वतः डोळ्यांनी पाहून घ्यावी.

या मार्गात बांधणी घरच्यांनी करावयाची असते. बाजारातील फुगेरी प्लास्टिक विकत घेण्यापूर्वी घरातील गोधड्या, जुन्या साड्या, चादरी आणि वर्तमानपत्रे मोजावीत. काचसामानाला त्यांच्यासारखे दुसरे आवरण नाही. पुस्तकांची खोकी लहान असावीत, नाहीतर तळ फाटतो. शीतकपाट उभाच न्यावा आणि उतरल्यावर काही तास विश्रांती देऊन मगच सुरू करावा. समोरून उघडणाऱ्या धुलाईयंत्राच्या पिंपाला अडकविण्याचे मूळ बोल्ट शोधून लावावेत. लोणच्याच्या बरण्या आणि तेलाचे डबे मालमोटारीत मुळीच नकोत. एक बरणी फुटली तर चार गाद्या जातात. हमाली आणि वाराई कोण देणार, दोन्ही टोकांना किती माणसे येणार, हे भाडे ठरवितानाच कागदावर आणावे. ठरलेल्या भाड्यावर वाराई मागून चढविणे हा या धंद्यातील जुना वाद आहे.

रेल्वेचा विचार संपूर्ण संसारासाठी आता कोणी करीत नाही, पण पूरक मार्ग म्हणून ती फार उपयोगी आहे. शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीच्या प्रत्येक प्रवाशाला ४० किलो सामान विनाशुल्क नेता येते. चार माणसांच्या कुटुंबाचे १६० किलो झाले. मिरज हे मोठे जंक्शन असल्याने बेळगाव-हुबळीमार्गे बंगळूरला जाणाऱ्या गाडीत दुचाकीही पार्सल म्हणून पाठविता येते. टाकीतील पेट्रोल पूर्ण काढून, गाडी गोणपाटात बांधून, नोंदणीपुस्तकाची प्रत जोडावी लागते. पोहोचल्यावर ठरावीक तासांत ती उचलली नाही, तर स्थानकावर जागेचे भाडे चढू लागते. पुस्तके जास्त असलेल्यांना टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सेवाही आहे: मे २०२५ पासून शैक्षणिक, सांस्कृतिक आणि धार्मिक ग्रंथांची ५ किलोपर्यंतची पुडकी ती सवलतीच्या दरात नेते. वडिलोपार्जित शास्त्रग्रंथ मात्र टपालाने वा मालमोटारीने नेण्याचे कारण नाही. ते मांडीवरच जावेत.

ज्या कुटुंबांना घाई नाही, त्यांच्यासाठी मिश्र मार्गच सर्वांत किफायतशीर दिसतो. आधी एकाने जाऊन महिनाभर खोली घेऊन राहावे, घर पाहावे, मापे आणावीत. मग परतीच्या लहान गाडीत निवडक सामान जावे आणि नाजूक, मौल्यवान व नित्याच्या वस्तू रेल्वेने माणसांसोबत याव्यात.

फसवणूक होते ती बहुधा तीन ठिकाणी. नामांकित संस्थेच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेऊन अत्यल्प दर सांगणारे दलाल आगाऊ रक्कम घेतात आणि सामान चढल्यावर ‘सामान जास्त निघाले’ म्हणून भाडे वाढवितात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक वस्तूची यादी आधी पाठवून त्या यादीवरच लेखी दर घेणे. दुसरी जागा म्हणजे राज्याची सीमा. कर्नाटकात शिरताना मालाचा कर भरावा लागतो, असे सांगून वाटेतून पैसे मागितले जातात. वापरलेले घरगुती व वैयक्तिक सामान ई-वे बिलाच्या नियमातून वगळलेले आहे. तेव्हा अशा दूरध्वनीला लेखी मागणी दाखविण्यास सांगावे. वाहतुकीच्या सेवेवरील वस्तू व सेवा कर हा निराळा विषय असून तो दरात धरला आहे की वेगळा, हे आरंभीच विचारावे.

तिसरी जागा विम्याची. सामानाच्या किमतीच्या काही टक्के रक्कम ‘विमा’ म्हणून घेतली जाते, पण पुष्कळदा तिच्यामागे कोणत्याही विमा कंपनीचे पत्र नसते. पत्र हाती आले नाही, तर ती रक्कम देऊ नये. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार सार्वजनिक वाहतूकदाराने नोंदणी करून घ्यावयाची असते आणि मालाची पावती, म्हणजे बिल्टी, द्यावयाची असते. आपण सामानाचे अधिक मूल्य लेखी जाहीर केले नसेल, तर नुकसानीची त्याची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच मर्यादित राहते. भाडे २०,००० असेल, तर हे २ लाख सामान्य संसाराला पुरेसे असतात. पण भाड्याची पावतीच नसेल, तर दहापट कशाची? रोखीत दोन-तीन हजार वाचविण्यासाठी बिल्टी सोडून देणारी माणसे विनाकारण हा आधार गमावतात. दागिने, मालमत्तेची कागदपत्रे, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले आणि आईची औषधे ही गाडीत ठेवूच नयेत.

निघण्यापूर्वी गॅसचे सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून अनामत व हस्तांतराचे कागद घ्यावेत. भरलेले सिलिंडर मालमोटारीत लपवून नेणे केवळ बेकायदा नव्हे, तर सर्व सामानाच्या व चालकाच्या जिवावर बेतणारे आहे. मोटार किंवा दुचाकी कर्नाटकात बारा महिन्यांहून अधिक काळ राहणार असेल, तर तिची तिथे पुनर्नोंदणी आवश्यक असते. त्यासाठी इथल्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि तिथला कर नव्याने भरावा लागतो. जुन्या गाडीसाठी तो कर आणि हेलपाटे मोजल्यावर ती इथेच विकणे पुष्कळांना परवडते.

सामान पोहोचल्यावर दमलेल्या माणसाला सही करून मोकळे व्हावेसे वाटते. तरीही यादीतील प्रत्येक नगावर खूण केल्याशिवाय सही करू नये. काही फुटले असेल किंवा कमी भरले असेल, तर ते पोहोच-पावतीवरच लिहावे, छायाचित्र घ्यावे. दावा लावावयाचा झाल्यास सामान नोंदविल्याच्या दिवसापासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी सूचना गेलेली असावी लागते. ग्राहक आयोगाकडे तक्रार आता आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, त्यासाठी सांगलीला परतावे लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे.

गावाकडे घर शिल्लक असणाऱ्यांनी तर सारे एकाच फेरीत नेण्याचा हट्टच धरू नये. बंब, जास्तीच्या गाद्या, मोठी पातेली वर्षभर तिथेच राहू द्यावीत. पर्युषणाला किंवा दिवाळीला गावी आल्यावर जे खरोखर आठवले, ज्यावाचून अडले, तेवढे परतीच्या तिकिटावरील चाळीस किलोंत बांधून न्यावे.